गाभोळीचं पाप

हौसाआत्याला खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आरोग्य उपकेंद्रात आली की उंबऱ्याशी भिंतीला पाठ टेकून ती जमिनीवर बसायची आणि मला सांगायची, "तू बस खुर्चीत. तुला सरकारनं दिलीया." यात मान होता की टोमणा, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

मी अकोले तालुक्यातली, डोंगरातली. नर्स म्हणून नेमणूक झाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कर्जत तालुक्यात, भीमेच्या फुगवट्यावर. आमच्याकडं पाऊस इतका की चार महिने कपडे वाळत नाहीत. इथं आभाळातून थेंब पडायची मारामार, आणि समोर बघावं तर धरणाचं पाणी पलीकडच्या जिल्ह्यापर्यंत पसरलेलं. त्या पाण्याच्या काठाला भोयांची वस्ती. चाळीसेक घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. हौसाआत्या तिथलीच लेक. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आली, भाऊ-भावजय गेल्यावर भावाच्या मुलाला, दत्तूला, तिनंच वाढवलं. त्यामुळं ती दत्तूची आत्या, आणि दत्तूची म्हणून सगळ्या वस्तीची.

अंगानं काटकुळी, पायात कधी चप्पल नाही, कंबरेला खोचलेला छोटा कोयता. तो कोयता घेऊनच ती लसीकरणालासुद्धा यायची, आणि माझ्याकडची लहान पोरं सुईपेक्षा त्यालाच जास्त घाबरायची. बोलताना ती समोरच्याकडं बघायची नाही, पाण्याकडं बघायची. मला सुरुवातीला वाटायचं, हिला माझ्या बोलण्यात रस नाही. नंतर कळलं की ती ऐकत असते, आणि चार महिन्यांनी तुमचंच वाक्य तुम्हाला परत देते.

पहिल्यांदा ती आली ती दत्तूला घेऊन. त्याचा तळहात फाटला होता. मी कापूस काढायला गेले तर तिनं एक घमेलं माझ्या पायाशी ठेवलं. "आदी ह्याला बघ, मग त्याला."

घमेल्यात मासा होता. म्हणजे ती म्हणाली म्हणून मी मासा म्हणते. काळा, अंगावर ठिपक्यांची नक्षी, वरून हाडासारखं कडक कवच, पाठीवर काटेरी पंख उभा, आणि तोंड खालच्या बाजूला. ते तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"दोन तास झालं पान्याभायेर हाय," आत्या म्हणाली. "मरंना."

हा मासा इथला नव्हे. शहरातल्या लोकांनी काचेच्या पेटीतलं शेवाळ खातो म्हणून आणला, आणि पेटीत मावेना तेव्हा नदीत सोडून दिला. वस्तीवरची माणसं त्याला हेलिकॉप्टर म्हणत. तो जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळं असं गुंतवायचा की मासा काढण्यापेक्षा जाळं कापून टाकणं सोपं. काठाला बिळं करायचा, त्यात अंडी घालायचा, मग काठ ढासळायचे. रोहू-कटला दिवसेंदिवस कमी होत चालले होते. सकाळी होड्या परत आल्या की काठावर हेलिकॉप्टरचा ढीग पडायचा, आणि तो कुत्रीसुद्धा खायची नाहीत. त्या वर्षी वस्तीतली चार कुटुंबं रांजणगावच्या कंपन्यांत कामाला निघून गेली. आणखी तिघांचं चाललं होतं. ही वस्ती पाण्यावर राहणार की मोडणार, एवढा एकच प्रश्न तेव्हा घराघरात होता, आणि तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

मी दत्तूच्या हाताला टाके घातले. आत्या उंबऱ्याशी बसून पाण्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "सिस्टर, ह्यो खाल्ला तर मानूस मरंल का?"

"माहीत नाही, आत्या."

"मग इचार की कुनाला तरी."

मी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तपासल्याशिवाय असलं काही खाऊ नका. मी निरोप सांगितला. तिनं विचारलं, "खाऊ नका म्हनला का मरताल म्हनला?"

"खाऊ नका म्हणाले."

"मंग मरताल म्हनला न्हाई."

तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते, त्यांना मी बोलावून घेतलं. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे मासे बर्फात घालून नेले आणि सांगितलं, तपासणीला वेळ लागेल. आत्या त्यांना वाटेला लावायला गाडीपर्यंत गेली. परत आली आणि म्हणाली, "त्येंचा येळ त्येंच्याकडं. माजी मानसं निघाल्याती."

दुसऱ्या दिवसापासून ती तो मासा खायला लागली. मला न सांगता नव्हे, सांगून. रोज सकाळी उपकेंद्र उघडायच्या आधी ती दारात हजर. वजन करायचं, रक्तदाब बघायचा, पोटाचं विचारायचं, आणि हे सगळं मी लिहून ठेवायचं, असा तिचा हुकूम. मी खूप भांडले. शेवटी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं की मी हिला नको म्हटलं होतं. "वाचून दाव," म्हणाली. मी वाचलं. "ब्येस लिवलंस. आता वजन कर."

तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. सकाळी आठ वाजून गेले आणि ती दिसली नाही की मी दारात येऊन वाटेकडं बघत राहायची. एके दिवशी ती आलीच नाही. दुपारी दत्तू पळत आला, आत्याला सारख्या उलट्या होतात म्हणून. मी तशीच धावले. सलाईन लावताना वहीतलं ते पहिलं पान आठवून मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती. दारात सगळी वस्ती जमलेली. कुणीतरी म्हणालं, "म्या म्हनलंच हुतं, इषारी हाय." तशी आत्या डोळे मिटूनच बोलली, "काल लग्नात जेवले मी. शिळी बासुंदी हुती. तुज्या बायकुलाबी जुलाब हायेत, इचार घरी जाऊन." तो माणूस घरी गेला आणि परत आला नाही. त्या बासुंदीनं आणखी सात जण झोपवले होते. मी त्या संध्याकाळी घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजर. महिनाअखेर तिचं वजन किलोभर वाढलेलं होतं.

खायचा कसा, हे तिनं स्वतःच शोधलं. कवचावर कोयता चालेना. तेव्हा तिनं पोटाच्या मऊ बाजूनं चीर देऊन आतडी काढली आणि अख्खा मासा वांग्यासारखा निखाऱ्यात टाकला. भाजल्यावर कवच आपोआप सुटलं. आतलं पांढरं मांस हातानं मोकळं करून त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून तेलाची फोडणी. हेलिकॉप्टरचं भरीत. मी मासे फारसे न खाणारी बाई, पण बाजरीच्या भाकरीबरोबर ते मी दोनदा मागून खाल्लं आहे, हे कबूल करते.

काही महिन्यांनी सरांचा निरोप आला. मांस खायला हरकत नाही, पण आतडी काढूनच टाका, ओढ्याच्या तोंडाशी जिथं सांडपाणी येतं तिथला मासा खाऊ नका, आणि दर वर्षी तपासत जा. आत्यानं एवढ्यावरून वस्तीला कायदा करून दिला. ओढ्याच्या तोंडचा मासा थेट खड्ड्यात. एकदा बबननं, तिच्या शेजारच्यानं, आळसापोटी तो इतरांत मिसळला, तर तिनं त्या दिवशीचा सगळा ढीग पुरायला लावला. चार होड्यांचा माल होता.

मग राशीनचा बाजार. ती भरिताचं पातेलं घेऊन बसायची, आणि शेजारी एक अख्खा हेलिकॉप्टर मांडून ठेवायची. मी म्हटलं, "आत्या, तो आत ठेवा. बघून गिऱ्हाईक पळतंय."

"पळू दे. झाकून खाया घालायचं न्हाई."

पहिल्या आठवड्याला पातेलं भरलेलं परत आलं. दुसऱ्या आठवड्याला एक माणूस सगळ्यांदेखत ओरडला की ही बाई लोकांना पालीचं मटण चारते. माणसं गोळा झाली, आवाज चढले, कुणी पातेल्याला पाय लावायला पुढं झालं. दत्तू उठला तसा तिनं त्याचा सदरा धरून खाली बसवला. पातेल्यातलं पानात वाढून घेतलं आणि त्या घोळक्याच्या मधोमध बसून ती जेवायला लागली. घाईनं नव्हे. पूर्ण भाकरी संपेपर्यंत. कुणाकडं बघितलं नाही. मी माझ्या नर्सच्या गणवेशात तिच्या शेजारी बसले आणि हात पुढं केला. मला भीती वाटत होती, पण त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले याचं समाधान आजही आहे. घोळक्यातल्या एका म्हाताऱ्यानं, "मला बी दे गं वाईच," म्हटलं, आणि पातेलं रिकामं करूनच आम्ही परत आलो.

पुढच्या वर्षी हमरस्त्यावरचे दोन ढाबेवाले काठावर येऊन मासा मागायला लागले. रांजणगावला गेलेल्यांतलं एक कुटुंब परतलं. इथं गोष्ट संपली असती तर आत्या सुखी झाली असती. तशी ती संपली नाही, आणि त्याला कारण आत्याच.

भोयांच्या या वस्तीत एक रीत आहे. आषाढ-श्रावणात जाळ्यात गाभोळीचा मासा, म्हणजे पोटात अंडी असलेली मादी आली, तर ती मारायची नाही. दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडायची. चाळीस वर्षं ही रीत आत्यानं वस्तीकडून पाळून घेतली होती. दत्तू बारा वर्षांचा असताना त्यानं अंड्यांनी भरलेला कटला मारून आणला होता, मोठ्या कौतुकानं. आत्यानं त्याला सगळ्या वस्तीसमोर थोबाडीत मारली आणि दिवसभर जेवायला दिलं नाही. "पोटुशीला मारलंस," एवढंच ती म्हणाली होती. हे मला दत्तूनंच सांगितलं होतं, गालावर हात ठेवून, जणू कालच घडलं असावं. त्यानंतर त्याच्या हातून एकही गाभोळीचा मासा मेला नाही.

त्या आषाढात एका सकाळी मी मलेरियाच्या गोळ्या वाटायला काठावर गेले होते. आत्या ढिगापाशी बसून माशांची पोटं चिरत होती. चिरता चिरता थांबली. आणखी चार चिरले. मग ढिगातले सगळे उलटे करून पोटं चाचपून बघितली. तिचा चेहरा बदलत गेला, तो मी बघत होते.

"दत्तू," तिनं हाक मारली, "आखाड चालू हाय. एवढ्या ढिगात गाभोळीची एकबी न्हाई?"

दत्तू होडीतून जाळं उतरवत राहिला.

"सोडतूस?"

"व्हय."

"हेलिकॉप्टरबी?"

"सगळेच सोडत्यात," दत्तू म्हणाला. खरंच, उभे होते त्यांतल्या एकानंही मान वर केली नाही. वर्षभर मारायचा आणि नेमक्या अंड्यांच्या दिवसांत माद्या पाण्यात परत सोडायच्या. आम्ही सगळे खात होतो, विकत होतो, आणि तो मासा कमी व्हायचं नाव घेत नव्हता, त्याचं कारण हे होतं. जन्मभराची सवय. हात आपोआप सोडत होते.

बबन मध्ये पडला. "आत्या, सोडल्यात तर सोडू दे की. फुडल्या सालाला आपल्यालाच हुतील. आता भाव हाय त्येला."

तेव्हा मी तिला पहिल्यांदा घाबरलेली पाहिलं. उलट्यांच्या दिवशी ती घाबरली नव्हती, बाजारात नव्हती. आता तिचा आवाज चिरकला. "आरं, ही निंदनी हाय. तन इकून चार पैसं आलं म्हून कोन तन पेरतं का? ह्यो ऱ्हायला तर रोहू न्हाई, कटला न्हाई, काठ न्हाई. आपुन खायाला लागलो ते ह्येला संपवाय. पोसाय न्हाई."

"मी पैशापायी न्हाई सोडत," दत्तू म्हणाला. जाळं टाकून तो समोर आला. चाळिशीचा माणूस, पण हात परत गालावर गेलेला. "माजा हात हुत न्हाई. तूच मारलं हुतंस मला, आख्ख्या वस्तीम्होरं. पोटुशीला मारू नगंस म्हनलीस. आता मार म्हनतीस. मी कोनतं खरं धरू?"

मी गोळ्यांची डबी हातात धरून उभी. आत्या पाण्याकडं बघत राहिली, इतका वेळ, की मला वाटलं ती आता उठून घरी निघून जाईल आणि सगळं मोडेल.

"तवा सांगितलं ते खरं हुतं," ती शेवटी म्हणाली. "आताबी खरं हाय. पाप हाय ते." मग थोड्या वेळानं, "तुजा हात नगं. कुनाचाच नगं. गाभोळीची घावली की सोडायची न्हाई. टोपलीत घालून माज्या दारात आनून ठिवायची, आन् मागं न बघता जायाचं. म्होरलं माजं."

"आत्या," दत्तू म्हणाला.

"होडीत हाय का एखादी?"

होती. जाताना सोडायची म्हणून त्यानं ओल्या पोत्याखाली ठेवली होती. त्यानं ती आणली, तिच्यासमोर ठेवली आणि पाठ फिरवली. बाकीच्यांनीही फिरवली. मी फिरवली नाही, म्हणून मला माहीत आहे. आत्यानं माशाच्या पोटावर हात ठेवला आणि हळू आवाजात, जसं एखाद्या बाईशी बोलावं तसं, ती बोलली. "बाई, तुजी चूक न्हाई. तुला कुनी आनली, तुला ठावं न्हाई. पन हितं माजी लेकरं हायेत." मग कोयता उचलला. पोटातून ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी अंडी ओंजळभर निघाली. ती तिनं पाण्यापासून लांब, बांधाच्या पलीकडं खड्डा करून पुरली. मांस भरिताला द्यायचं, पण अंडी कुणी खायची नाहीत, असं तिनं सांगितलं. "ग्वाड लागली तर जीव गुंतंल."

त्यानंतर पावसाळाभर तिच्या दारात टोपल्या येत राहिल्या. माणसं यायची, टोपली ठेवायची, तोंड फिरवून निघून जायची. दत्तू तर टोपली टेकवतानाच तोंड फिरवायचा. घासातला घास तिच्या ताटात वाढणारा भाचा तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला. तिनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही.

एकदा मी दुपारी तिच्या घरी गेले तर ती कांदा-भाकर खात होती, आणि चुलीवर भरिताचं पातेलं होतं. मी वाढायला लागले तर तिनं ताट सरकवलं. मला वाटलं उपास असेल. "उपास न्हाई. मासा सोडला मी."

"कधीपासून?"

"त्या दिसापास्नं." भाकरीचा तुकडा मोडत ती म्हणाली, "तुमी खा. तुमी खाल्लंच पायजे, त्याबिगर ह्यो संपायचा न्हाई. पन मारायचं बी मी आन् मिटक्या मारायच्या बी मी, ह्ये न्हाई व्हायचं."

महिनाभर तो मासा खाऊन जिनं वस्तीला खायला शिकवलं, तीच आता जन्मभर मासा खाणार नव्हती. भोयाची लेक, पाण्यावर वाढलेली. मी हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि तिच्यासमोर बसून कांदा फोडला. त्या दिवशी मला ती आईपेक्षा जवळची वाटली, आणि तिला तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या आषाढात माझी बदलीची ऑर्डर आली, संगमनेरकडं. तोवर जाळी पुष्कळ सुटी, न गुंतता यायला लागली होती. रोहू दिसायला लागला होता. हेलिकॉप्टर संपला नव्हता, इतक्यात संपणारही नाही असं सर म्हणत होते. आत्याचा हात मात्र थकला होता. कोयता उचलताना दंडापासून कापायचा. मी तपासून बघितलं, गोळ्या दिल्या, काम थांबवा म्हटलं. "मंग कुनाला देऊ?" तिनं विचारलं.

निघायच्या दिवशी सकाळी सामान जीपमध्ये टाकून मी तिच्या घराकडं गेले. दारात तीन टोपल्या होत्या. ती उकिडवी बसली होती, पहिला मासा समोर, आणि तो ओला मासा तिच्या कापऱ्या हातात ठरत नव्हता. कोयता एकदा उचलला, निसटला, तिनं परत उचलला. मी लांबच थांबले.

तेवढ्यात दत्तू चौथी टोपली घेऊन आला. ती त्यानं खाली ठेवली. नेहमीसारखा वळला, चार पावलं गेला, आणि थांबला. मग परत आला आणि तिच्यासमोर बसला.

"ऊठ," आत्या म्हणाली. "त्वांड फिरव आन् जा."

तो उठला नाही. कोयत्यासाठी त्यानं हात पुढं केला. तिनं कोयता दिला नाही, छातीशी धरला. "तुला न्हाई द्यायची मी हे," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघितलं.

रस्त्यावरून जीपवाला हॉर्न देत होता. दत्तूनं आणखी काही मागितलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तो मासा घट्ट धरला, हलणार नाही असा, आणि मान खाली घालून वाट बघत राहिला.